कंसातली जागा

टंकलेखिका बाईंनी कानावरचे हेडफोन घट्ट दाबले आणि ती ओळ चौदाव्यांदा ऐकली. खरं तर तिसऱ्यांदाच ऐकू आली होती. पुढच्या अकरा वेळा त्यांनी विचार करण्यात घालवल्या.

चौकशी कार्यालयातल्या सव्वीस वर्षांत बाईंच्या नावावर तीन चुका होत्या, तिन्ही तापात केलेल्या. साहेबांच्या रोज सकाळी तीन होत. म्हणूनच पकडून आणलेल्या पोरीचं हे रॅप गाणं कागदावर उतरवायला बाईंकडे आलं होतं. बाकीच्यांनी हात टेकले होते. पोरगी श्वास न घेता गात होती.

‘टाकीत उतरले पाच जण, वर आले बूट,
चौकशीत हवा शुद्ध निघाली, मेल्यांचीच चूक.’

त्याच्या पुढच्या ओळीत कारखान्याच्या मालकाचं नाव होतं आणि नावामागे ‘खुनी’. नाव कागदावर आलं तर पोरगी आत. नाही आलं, तर नुसतं गाणं.

बाईंनी कंस उघडला, ‘अस्पष्ट’ टाइप केलं, कंस मिटला. मग उगाचच चष्मा पुसला.

दुपारी पोरीला सहीसाठी आणलं. हवालदार दारात जांभया देत उभा राहिला. पोरीने बोट ठेवून कागद वाचला आणि कंसापाशी थांबली.

“बाई, हे ऐकू नाही आलं तुम्हाला?”

“नाही आलं.” बाईंनी डोळ्यांनी दाराकडे खूण केली. “कर सही आणि घरी जा.”

“सगळे म्हणतात तुम्हाला भिंतीतलंही ऐकू येतं.”

“सगळ्यांना कामं नसतात. वकिलांनी काही सांगितलंय की नाही तुला?”

“सांगितलंय ना. नाव नीट ऐकू येत नाही म्हण, सुटशील.” पोरीचा चेहरा उतरला होता, परीक्षेत येत असलेलं उत्तर चुकावं तसा. “या एका ओळीसाठी तीन महिने जीभ घासलीय हो मी. त्या पाचांत माझे बाबा होते. तुम्हालाच नाही कळलं, तर लोकांना काय कळणार?”

“अगं ए, वेडे—”

बाईंचा हात पोचेपर्यंत पोरीने टेबलावरचं पेन उचललं होतं. कंसातला शब्द खोडून तिने वळणदार अक्षरात नाव लिहिलं, ‘खुनी’ लिहिलं आणि खाली सही केली.

तेवढ्यात आत आलेल्या साहेबांनी कागद उजेडात धरला. “काय बाई, चौथी चूक? आणि तीही आरोपीने सुधारली!” ते मनापासून हसले. “स्वच्छ प्रत काढा. नावासकट.”

बाईंनी नवा कागद चढवला. हवालदाराने पोरीचा दंड धरला. दारातून ती वळली.

“बाकीचं कळलं ना, बाई? सगळं?”

“कळलं,” बाई म्हणाल्या. “शब्द न् शब्द.”

पोरगी पहिल्यांदाच हसली. बाईंनी मान खाली घातली आणि टाइप करायला सुरुवात केली.