चादरीचं दुसरं टोक

हॉटेलच्या लाँड्रीत मोठ्या पलंगाच्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघी लागतात, समोरासमोर. म्हणून मुकादमानं या दोन जावांना एकाच टेबलावर लावलं होतं, आणि रजा मागितली की त्याचं एकच पालुपद असायचं, "एका आठवड्यात एकीलाच."

दोघींना दिवसही बरोबरच गेले. टोकं जुळवायला जवळ आल्या की हातांआधी पोटंच भेटायची आणि हसून हसून दोघींची पुरेवाट व्हायची. आठव्या महिन्यात नर्सनं बजावलं, "डांग्या खोकल्याची लस घ्या. बाळाला स्वतःची लस दीड महिन्यानं मिळणार, तोवर तुमचीच त्याला पुरायची आहे."

"आधी तू जा," थोरली म्हणाली. "मला कुठं गाडी पकडायचीय?"

धाकटी गेली. 'नको ताई, तुम्ही जा' एवढं म्हणायचंही तिला सुचलं नाही. पुढच्या आठवड्यात हॉटेल भरलेलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात थोरलीचे पाय सुजले. आज-उद्या करता करता तिला तीन आठवडे आधीच मुलगी झाली. चार दिवसांनी धाकटीला मुलगा झाला.

सासऱ्यांना महिनाभर खोकला होता. म्हाताऱ्याचा खोकला कोण मनावर घेतो! दोन्ही नातवंडं त्यांनी एकाच मांडीवर खेळवली. मुलाचं नाक दोन दिवस वाहिलं. मुलीला इस्पितळात न्यावं लागलं. धाकटीनं शिल्लक होत्या नव्हत्या त्या सगळ्या रजा तिथल्या बाकावर काढल्या. आठव्या दिवशी थोरली रिकाम्या हातांनी घरी आली.

तेव्हापासून तिनं पुतण्याला हात लावला नव्हता. धाकटीला मात्र चकार शब्दानं बोलली नाही, आणि तेच जास्त जाळायचं. तोंड भरून शिव्या दिल्या असत्या तर धाकटीनं आनंदानं खाल्ल्या असत्या. दोघी कामावर परतल्या, चादरी धरून एकमेकींकडे चालत येऊ लागल्या, आणि थोरलीच्या ब्लाउजवर दुधाचा ओला डाग दिसला की धाकटी मान खाली घालायची.

मुलगा दीड महिन्याचा झाला. त्याला टोचायला न्यायचं, तर मुकादम म्हणाला, "तुझ्या रजा संपल्या."

"असू दे," धाकटी टेबलाशी येऊन म्हणाली. "पुढच्या आठवड्यात नेईन."

थोरलीचे हात थांबले. चादर मध्येच लोंबत राहिली.

"पुढच्या आठवड्यात नाही," ती म्हणाली. "माझी एक रजा उरलीय. उद्या मी नेते."

दुसऱ्या दिवशी धाकटी एकटीच चादरींशी झटत होती. टोकं जमिनीवर लोळत होती आणि मुकादम ओरडत होता. दुपारी थोरली दारात येऊन उभी राहिली. बाळ तिच्या छातीशी होतं.

"रडला का हो ताई?"

"रडला. बेंबीच्या देठापासून रडला. नर्स म्हणाली, गप्प करा त्याला. मी म्हटलं, रडू दे." थोरलीनं त्याच्या टाळूवर गाल टेकला. "माझीला शेवटी शेवटी रडताच येत नव्हतं गं. खोकून खोकून श्वासच उरायचा नाही तिच्याकडे."

धाकटीनं बाळाला घ्यायला हात पुढे केले होते, ते तिनं मागे घेतले.

"राहू द्या तुमच्याकडेच," ती कशीबशी म्हणाली, आणि हातातल्या चादरीत तोंड खुपसून हमसाहमशी रडू लागली.