उभा कागद, आडवा कागद

सुज्ञ वाचकहो, पुढील कथेत कागद कातरणारे एक यंत्र आहे आणि त्याच्यापुढे उभा असलेला एक माणूस आहे. गुपित कोणी फोडले, याचा निवाडा आपण आपल्या विवेकबुद्धीने करावा, अशी नम्र विनंती करून प्रारंभ करतो.

कुलपाने कागदांची चळत टेबलावर ठोकून सरळ केली, वरचा कागद उचलला आणि यंत्राच्या फटीत उभा सोडला. खालच्या पिंपात पेंढ्यासारख्या पट्ट्या पडल्या. कोणत्याही पट्टीवर एका ओळीतले एखादेच अक्षर, तेही अर्धेमुर्धे. कागद उभाच घालावा, असा मोठ्या साहेबांचा दंडक होता. आडवा घातला तर पट्टीवर अख्खी ओळ शाबूत राहते.

कुलूप हे काही त्याचे खरे नाव नव्हे. कचेरीने ते ठेवले होते. त्याला वाचता येत नाही आणि तो फारसे बोलत नाही, या दोन गुणांच्या बळावर एकवीस वर्षे ही बिनखिडकीची खोली त्याच्या हवाली होती. कोणी पाहुणे आले की साहेब त्याच्याकडे बोट दाखवून सांगत की, या इमारतीत याचीच नजर तेवढी स्वच्छ, तिला अक्षराचा डाग नाही. पाहुणे हसत. कुलूपही हसे.

परंतु गेली दोन वर्षे त्याची सून स्वयंपाक आटोपल्यावर वर्तमानपत्र जमिनीवर पसरून त्याला अक्षरे शिकवीत होती. साठीला टेकलेला तो गृहस्थ आता ओठ न हलवता वाचू शके. सुनेने मात्र त्यास निक्षून बजावले होते.

"मामंजी, तिकडे आंधळेच राहा. तुमची नोकरी डोळ्यांपायीच जायची."

चार वाजता भांडारपाल, टंकलेखिका आणि कुलूप असे तिघे चहाला बसत. त्या दिवशी भांडारपालाने वर्तमानपत्रातील बातमी वाचली, की कुठल्याशा कंपनीतून लाखो लोकांची खासगी माहिती चोरीस गेली. साहेबांविषयी बोलायचे असले की तो आपला फोन जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून झाकण लावी, कारण फोनला कान असतात अशी त्याची पक्की समजूत होती. टंकलेखिकेने त्याला दुजोरा दिला. तिने काल घरात गुडघे दुखतात एवढेच म्हटले, तर सकाळी फोनवर तेलाची जाहिरात हजर. मग त्यांनी कुलपाचे मत विचारले.

"यंत्राला दात असतात, जीभ नसते," कुलूप म्हणाला.

दोघेही मनापासून हसले. टंकलेखिकेने नेहमीप्रमाणे आपला अर्धा चहा त्याच्या बशीत ओतला. अकरा वर्षे तिचा हा नेम होता. तिचा नवरा तीन वर्षे अंथरुणाला खिळलेला होता, आणि घरात कमावणारी ती एकटीच होती.

दुसऱ्या दिवशी चळतीत एक यादी आली. 'पुढील महिन्यापासून कमी करावयाचे कर्मचारी.' अकरा नावे होती, प्रत्येकापुढे 'कमी करावे' असा शेरा. तिसरे नाव टंकलेखिकेचे होते.

कुलपाने दाराकडे पाहिले. मग एकवीस वर्षांत प्रथमच त्याने कागद आडवा केला. यंत्राने काही फरक केला नाही. त्याने पिंपात हात घालून तिच्या नावाची पट्टी शोधली आणि चार वाजता, भांडारपाल हात धुवायला गेलेला असताना, ती तिच्या बशीखाली सरकवली.

तिने वाचले.

"हे तुम्हाला कोणी वाचून दाखवलं?"

येथे तो गप्प बसता तर बरे झाले असते. पण असा प्रश्न त्याला उभ्या आयुष्यात कोणी विचारला नव्हता.

"मीच वाचलं, ताई," तो म्हणाला. "अनुस्वारासकट."

तिने पट्टी बोटाभोवती अंगठीसारखी गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. माझ्याकडून हे बाहेर जाणार नाही, असे तिने आपण होऊन सांगितले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः त्याच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी अगत्याने त्याच्या डोळ्यांची चौकशी केली आणि भिंतीवरच्या पाटीकडे मान वळवली.

"काय लिहिलंय रे तिथे?"

"आपल्याला काय कळतंय, साहेब."

साहेब हसले. त्याच्या पाठीवर थाप मारून गेले.

दुपारच्या चळतीत ती यादी पुन्हा आली, सर्वांत वर. तिसऱ्या नावावर लाल शाईची रेघ होती आणि खाली एक नाव नव्याने टंकले होते. कोपऱ्याला टाचणीने एक पट्टी लावलेली होती. ती अद्याप अंगठीसारखी वळलेली होती.

कुलपाने ते नवे नाव अक्षराअक्षराने वाचले. ते त्याचे होते. छापील अक्षरांत आपले नाव तो जन्मात प्रथमच वाचत होता, आणि त्यामागे 'श्री.' लावलेले होते. त्याने ते पुन्हा वाचले. उकार ऱ्हस्व हवा, तेथे दीर्घ पडला होता. घाईत असली की टंकलेखिकेच्या हातून हीच चूक होई.

चार वाजता भांडारपालाने फोन डब्यात घातला आणि हल्ली कशाकशावर म्हणून विश्वास ठेवायचा, असा विषय काढला. कुलूपराव परवा बोलले तेच खरे, असेही तो म्हणाला. टंकलेखिकेने आज चहा ओतला नाही. तिने आपला भरलेला कपच कुलपापुढे सरकवला.

"घ्या. मला आज नको."

कुलपाने तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"ताई," तो उठताना म्हणाला, "माझ्या नावातला उकार ऱ्हस्व आहे."

तिने मान वर केली नाही. भांडारपालाला ही काय भानगड ते कळले नाही, तरी तो हसला.

खोलीत परतल्यावर कुलपाने यादीची टाचणी आधी काढली, कारण टाचणीने यंत्राचे दात मोडतात. पट्टी त्याने बोटाने ताणून सरळ केली. मग ती कागदावर ठेवली आणि दंडकाप्रमाणे कागद उभा सोडला.

कथा येथे समाप्त झाली. आपण अखेरपर्यंत सोबत केलीत, त्याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. लेखनात काही ऱ्हस्व-दीर्घ चुकले असल्यास उदार मनाने क्षमा असावी.

आपला नम्र,
श्री. सुदाम कोंडाजी