नोंदीतले सात दिवस

नव्या राज्यघटनेला मंजुरी द्यायची की नाही, यावरून सभागृहात अकरा दिवस नुसतं रण माजलं होतं. त्या रणातला शब्दन् शब्द उतरवून घेणारी बाई एकच. तिला सगळे लेखनिकबाई म्हणत. नवरा जाऊन तिला दीड महिना झाला होता. "घरात बसून भिंतींकडे किती बघशील?" असं सासूच म्हणाली, म्हणून ती कामावर परत आली.

अध्यक्षांच्या व्यासपीठाखाली एका लहान टेबलाशी ती बसे. कान ऐकत, हात लघुलिपीच्या रेघोट्या ओढत. मधे तिचं स्वतःचं असं काहीच लागत नसे, आणि सध्या तेच तिला सोयीचं होतं. रडू तिला अजून एकदाही आलं नव्हतं. शेजारणी त्याबद्दल कुजबुजत. तेही तिने ऐकून सोडून दिलं होतं.

तिचा थोरला भाऊ वकील, तो मंजुरीच्या बाजूचा. धाकटा दीर डॉक्टर, तो कट्टर विरोधक. कधीकाळी एकमेकांवाचून घास न उतरणारे हे दोघे आता सभागृहाच्या जिन्यात तोंड फिरवून जात. दादाचं म्हणणं, "आधी घर तर उभं राहू दे. खिडक्या मागून बसवता येतात." भाऊजींचं म्हणणं, "माणसांचे हक्क आधी लिहा, मग सही मागा. मागून कोण कुणाला विचारतो?"

बाराव्या दिवशी सकाळी दादा बोलायला उठला. बोलता बोलता त्याचा आवाज चढला.

"माझे मेहुणे शाळामास्तर होते. एका पत्रकावरून त्यांना उचललं, सात दिवस कोठडीत ठेवलं आणि प्रेत घरी पाठवलं. घटना असती तर आज ते वर्गात शिकवत असते!"

बाकं दणादण वाजली.

तिचा हात थांबला नाही. सात नव्हे, दिवस एकोणीस होते. ती रोज डबा घेऊन चौकीवर जायची आणि डबा रोज तसाच परत आणायची. पण बोलणारा जे बोलला तेच लिहायचं, हा कामाचा नियम. तिने सात लिहिलं.

भाऊजी ताडकन उठले. "माझ्या भावाच्या मढ्यावर मतं मागू नका, वकीलसाहेब! अटक केलेल्या माणसाला किती तासांत कोर्टापुढे उभं करायचं, याची एक ओळ तरी आहे का तुमच्या मसुद्यात? ही घटना असती तरी तो मेलाच असता."

"मी मतं मागितली नाहीत!"

"मागितलीत! त्याचं नाव पुढे करून मागितलीत!"

दोन्हीकडून आरडाओरडा सुरू झाला. अध्यक्षांनी घंटा बडवली. "लेखनिकबाई, दोघांची वाक्यं वाचून दाखवा. जशीच्या तशी."

मग मेलेला माणूस तिचाच नवरा, हे अध्यक्षांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी हात अर्धवट उचलला. पण तोवर ती उभी राहिली होती.

वाण्याची यादी वाचावी तसं तिने वाचलं. मेहुणे. कोठडी. सात दिवस. प्रेत. मढं. मेलाच असता. आवाज कुठे कापला नाही, की चढला नाही. सभागृहात पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली. दादाने मान खाली घातली. भाऊजी उभेच होते, त्यांना बसायचं सुचलं नाही.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "नोंदीत सात आहे. दिवस एकोणीस होते."

अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे नोंदीत घेता येणार नाही."

"घेतलेलं नाही. लिहिणारी मीच आहे ना."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. ती खाली बसली, पेन्सिलीला टोक काढलं आणि पुढचं पान उलटलं.

दुपारी मतदान झालं. चार मतांनी घटना मंजूर झाली. हक्कांची कलमं वर्षभरात जोडू, असा ठरावही सोबत झाला. भाऊजींनी विरोधात मत दिलं.

बाहेर दादा तिची वाट पाहत होता. "एकोणीस दिवस, हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस, दादा."

भाऊजी मागून आले. दादाकडे न बघता म्हणाले, "वहिनी, घरी सोडू?"

"नको. चालत जाईन."

घरी सासू पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. "काय झालं गं?"

"मंजूर झाली."

"म्हणजे चांगलं झालं की वाईट?"

तिने विचार करून पाहिला. "ठाऊक नाही, आई."

सासूने सरकून जागा केली. ती टेकली.

"त्याचे बूट आज पुसून ठेवलेत," सासू म्हणाली. "धाकट्याला होतील."

"मग उद्या नेऊन देते," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.