वाऱ्याची राखण

"मावशी, तुमच्या माळावरचा वारा शेळ्या वळवायच्या वेळेला घरी जातो का?"

वारा मोजणाऱ्या सरकारी खात्यातल्या संगमेशने हे विचारलं तेव्हा चतुराबाई शेळीच्या पायातला काटा काढत होती. तिने मान वर केली नाही.

"मला कावून इचारायलाव, सायब? शिकलेले तुमी."

"राखणदार तुमी हाव म्हणून."

लिंबागणेश गावाच्या अलीकडच्या त्या माळावर सरकारने वारा मोजायचा खांब उभा केला होता. अंगाला शिडीसारख्या आडव्या पट्ट्या, टोकाला वाऱ्याने गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, आणि बुडाशी कुलूपबंद पेटी. वाट्या किती फिरल्या ते पेटी टिपून ठेवायची. खांबाच्या ताणाच्या तारांना जनावरांनी अंग घासू नये म्हणून खालच्या धनगरवस्तीवरच्या चतुराबाईला राखणीला ठेवलं होतं. वस्तीने टिंगलीची हौस भागवून घेतली.

"वाऱ्याला राखण! उद्या उन्हाला कुंपण घाल, वैनी," तिचा धाकटा दीर नाथा म्हणाला.

"आदी तुझ्या जिभेला घालते," ती म्हणाली.

टिंगल होती तिथे राहिली, पण संगमेशने पहिल्याच दिवशी सांगितलेलं तिने मनात घट्ट धरलं होतं. देशाला तेल बाहेरून आणावं लागतं आणि ते महाग पडतं. वारा आपला, त्याला जकात नाही. आता खासगी कंपन्यांनाही वीज करायची मुभा मिळाली होती. वर्षभराचा वारा पुरेसा भरला तर माळावर पवनचक्क्या येतील, त्यांच्यामागे तारा येतील, आणि तारा दाराशी आल्यावर वस्तीला विजेचा खांब मागता येईल. तिचा नवरा बंकट याने वस्तीच्या विजेसाठी अर्ज केला होता. बंकट जाऊन कितीतरी पावसाळे झाले, अर्ज मात्र अजून विचाराधीन होता. सरकारी कागद माणसापेक्षा दीर्घायुषी असतो. "आता तसं न्हाई, परवानगीचे कागद लवकर हलवा म्हणून वरूनच हुकूम हाय," असं संगमेश म्हणायचा. नांदूरघाटच्या दुकानदाराचं पोर ते. बोलायचं माल खपवल्यासारखं, पण मापात मारायचं नाही.

आज तो हसत नव्हता.

"आश्विनाचे आकडे बघून आलो. काही दिवस वारा दुपारी उठतो, एका चालीनं वाहतो, अन् दिवस कलला की एकदम गप्प. असा वारा जगात कुठं न्हाई. वरचे साहेब म्हणायलेत, पेटीच बिघडली. मंग वर्षाचं सगळंच मोजमाप खोटं. खांब उपटून दुसऱ्या माळावर न्यायचा."

काटा निघाला. शेळी उडी मारून पळाली, तरी चतुराबाई तशीच बसून राहिली. बोललं तर राखण जाणार आणि वस्तीत शोभा होणार. गप्प बसलं तर आषाढात डोक्यावर पदर टिकू न देणारा, रात्रभर पत्रे वाजवणारा तो खरा वाराही खोटा ठरणार. बंकटचा खांब तर गेलाच. पण त्या घडीला तिला सगळ्यात वाईट वाटलं ते वाऱ्याचं.

"पेटी चांगली हाय," ती म्हणाली. "वाट्या म्या फिरवल्या."

"काय?"

"वर चढलते. पाल्यासाठी लिंबावर चढतेच की. वारं पडलं, वाट्या हालंनात. म्हनलं, वरीस भरत आलं अन् आता ह्यो नापास व्हतोय. मंग बसले बोटानं फिरवीत. शेळ्या वळवायचा टाइम झाला की उतरायची. तेवढंच खोटं हाय. बाकीचं समदं त्याचं त्येनं केलंय."

संगमेशने मान वर करून खांबाचं टोक पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, पडला असता म्हंजे?"

"मंग तुमच्या पेटीत लई वारं भरलं असतं."

तेव्हा कुठे तो हसला. आश्विनात वारा पडायचाच, हिशोब सबंध वर्षाचा धरतात, आणि या माळाने आषाढ-श्रावणातच भरपूर कमावलंय, असं त्याने सांगितलं. हे ऐकून चतुराबाई उलट चिडली.

"मंग आदी कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी खांबावर चढताल हे मला काय ठाव?"

तो आश्विन बाद झाला. तेवढा एक महिना पुन्हा मोजायचा ठरला. 'त्या बाईला काढा' असा वरून निरोप आला. आपली चूक आपणच सांगणारं दुसरं माणूस सापडलं की काढतो, असं संगमेशने कळवलं. असं माणूस काही लवकर सापडलं नाही.

वर्षभरात कंपनीची माणसं माळ बघून गेली, चुन्याच्या खुणा करून गेली. बाकीच्या परवानग्या खरंच झपाट्याने आल्या. वाट होती ती फक्त आश्विनाची.

आश्विन आला आणि वारा पुन्हा पडला. वाट्या निपचित. नाथा खालून ओरडला, "वैनी, दे की एक गिरकी! कोण बघायलंय?"

चतुराबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाई. त्येला जमंल तसं करू दे."

दिवस कलला तशा तिने शेळ्या वळवल्या. उताराला लागल्यावर मानेजवळचा पदर हलल्यासारखा वाटला, म्हणून तिने मागे वळून पाहिलं. वर वाट्या फिरत होत्या, सावकाश, कुणाचा हात नसताना. शेळ्या घरी निघाल्या होत्या आणि वारा आत्ता कुठे कामावर आला होता.

"कर बाबा," ती म्हणाली, आणि वस्तीकडे चालू लागली.