पावसातली रजा

चव्वेचाळीस सालच्या श्रावणात पलटणीतला नाईक सयाजी रजा घेऊन रहिमतपूरजवळच्या आपल्या वाडीत आला. ठेसनावरून चिखल तुडवत येताना त्यानं ठरवलं होतं, आधी गुंडाच्या घरी जायचं, मग आपल्या. गुंडा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीतून ब्रह्मदेशाच्या हद्दीवर गेले. तिथं एका डोंगरावर गुंडा मेला. सयाजीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, पण मढं हाती लागलं नाही, म्हणून सरकारी कागदात ‘बेपत्ता’ एवढंच आलं. गुंडाची बायको राहीबाई तेवढ्या एका शब्दावर अजून कुंकू लावत होती.

वाडीत शिरल्यावर गुंडाचं दार आधी लागलं. सयाजीनं मान खाली घातली आणि तो पुढं निघून गेला.

“उद्या जातो वहिनीकडं,” तो बायकोला, रंगूबाईला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून झड लागली. रानात पाय ठेवायची सोय नव्हती. सयाजी सोप्यात बसून होता, तेवढ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली एक पोरगी दारात उभी राहिली. गुंडाची बनू. दहा वर्षांची, नाक अगदी बापाचं. सयाजीच्या पोराला, दादासोला, ती खेळायला बोलवायला आली होती.

“काका,” ती म्हणाली, “आमचं आबा कवा येणार?”

“येतील की. रजा मिळाली न्हाई त्येंला अजून.”

शब्द तोंडातून गेले आणि सयाजीला स्वतःचाच धक्का बसला. तिनं आणखी काही विचारायच्या आत तो उठला. “चला, पोरांनो. तुमाला पावसातलं खेळ शिकीवतो.”

त्या दिवशी त्यानं हातभर लांबीची लोखंडी सळई शोधली आणि पोरांना ओढ्याकाठच्या मऊ मातीत नेलं. सळई फेकायची, उभी रुतली की तिथून पुढची फेक. आडवी पडली की डाव गेला, मग दुसऱ्या गड्यानं तिथून सुरुवातीच्या जागेपर्यंत लंगडी घालत यायचं. बनूनं दादासोला चावडीपासून ओढ्यापर्यंत लंगडी घालायला लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओघळीला दगडमातीचा बांध घातला आणि सांडणाऱ्या पाण्याखाली उसाच्या पाचटाची चक्री बसवली. ती गरगर फिरायला लागली तशी वाडीतली आणखी चार पोरं गोळा झाली. तिसऱ्या दिवसापासून केळीच्या खोडाच्या सोललेल्या सोपावर बसून टेकाडाच्या उतारावरून घसरणं सुरू झालं. चिखलानं माखलेली पोरं ओळखू येईनात.

सयाजीही घसरायचा. एकदा तो पोरांसकट खाली खड्ड्यात कोलमडला आणि पोट धरून हसला. हसता हसता समोर बनूचं नाक दिसलं, आणि त्याला ते हसणं गिळता येईना, थांबवताही येईना. रोज घरी परतताना तो म्हणायचा, उद्या. ओढ्याला पाणी फार आहे, वहिनी एकटी असेल, पाऊस उघडू दे.

सहाव्या दिवशी बनू सोप घेऊन टेकाड चढताना म्हणाली, “काका, म्या आबाला पत्र लिवलंय. पत्ता गुरुजींनी घातला. तुमी आमाला लय खेळ शिकीवलं, असं लिवलंय. आबाला वाटंल, आपनबी लवकर जावं.”

सयाजीनं हातातला सोप खाली ठेवला. “तुमी खेळा,” म्हणाला आणि तसाच चिखलानं भरलेला गुंडाच्या घरी गेला.

राहीबाई चुलीपुढं बसून ओल्या शेण्या फुंकत होती. तो उंबऱ्याशीच थांबला.

“वहिनी, गुंडा गेला.”

तिनं फुंकणी बाजूला ठेवली. “व्हय,” ती म्हणाली. “तुमी ठेसनावरनं आलासा, माज्या दारावरनं मान खाली घालून गेलासा. तवाच कळलं मला.”

“मग बोलला का न्हाईसा?”

“पोरगी हसत हुती, भावजी. कागद आल्यापासनं पयल्यांदा. म्हणलं, चार दीस हसू दे.”

सयाजीला तिथंच थांबता आलं असतं. पण तो उंबऱ्यावर टेकला.

“खाली झऱ्यावरनं पाणी आणायची पाळी माजी हुती त्या दिवशी. म्या गुंडाला म्हणलं, अंगात ताप हाय. त्यो म्हणला, तू पड, म्या जातो. डबा घिऊन उतरला. निम्म्या वाटंत तोफंचा गोळा पडला.”

“ताप हुता का तुमाला?”

“न्हवता. भ्यालो हुतो.”

चुलीतून नुसता धूर येत होता. राहीबाईनं डोळे पुसले नाहीत.

“हे मला कशाला सांगितलंसा?” ती म्हणाली. “नुसतं गेला म्हणला असतासा, तर तुमच्या घरी येऊन रंगूजवळ रडले असते. आता म्या कुठं जाऊ?”

तिनं फुंकणी पुन्हा हातात घेतली.

“बनूला तुमीच सांगा,” ती म्हणाली. “तिच्याशी खोटं तुमी बोललासा.”

सयाजी टेकाडावर परत गेला. बाकीच्या पोरांना घरी पिटाळून त्यानं बनूला करंजीच्या झाडाखाली बसवलं आणि बाप मेल्याचं सांगितलं. पाळीचं सांगितलं नाही. ती दया होती की पुन्हा भ्याडपणा, हे त्याचं त्याला कळलं नाही.

बनू लगेच रडली नाही. तिनं विचारलं, “मग आमच्यासंगं खेळत का हुता?”

ती उठून घराकडं पळाली.

पुढचे दिवस गुंडाच्या कार्यात गेले. मढ्याशिवायच दहावं झालं, बारावं झालं. सयाजीनं लाकडं वाहिली, पाणी भरलं. राहीबाई त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, पण हे वाडीत कुणाला उमगलं नाही. तिनं पाळीचं कुणालाच सांगितलं नव्हतं, रंगूबाईलाही नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा झड लागली. बनू सयाजीच्या अंगणात आली, खोळ घेऊन. दादासोला हाक मारली. सोप्यात बसलेल्या सयाजीकडं तिनं पाहिलं नाही. दोघं ओढ्याकडं गेली.

“तुमी न्हाई जात?” रंगूबाईनं विचारलं.

“बोलावलं न्हाई.”

रजेचा एकच दिवस उरला होता. सयाजीनं खोरं उचललं आणि तो राहीबाईच्या रानात गेला. पावसानं तिचा खालचा बांध फुटला होता, माती वाहून चालली होती. तो दिवसभर दगड लावत, माती ओढत राहिला. दुपारी राहीबाई वरच्या वाटेवर येऊन उभी राहिली. तिनं भाकरी आणली नव्हती. जा असंही ती म्हणाली नाही. थोडा वेळ बघून ती परत फिरली, आणि सयाजीनं पुढचा दगड उचलला.