पाणी फाल्कच्या हातून सांडलं

कपडे धुण्याच्या मशीनची नळी टबाच्या काठावर नुसती अडकवून फाल्क नाटकाच्या तालमीला निघून गेला, आणि नळी सुटली. त्याच्यासोबत घर वाटून राहणारी विब्के विद्यापीठातून परतली तोवर न्हाणीघराचं तळं झालं होतं. खालीच पेट्झोल्डबाईंची अकॉर्डियन दुरुस्तीची खोली. छत गळलं आणि दोन वाद्यं चिंब भिजली, त्यातलं एक तर गिऱ्हाइकाचं.

"भाता सगळा सुटलाय," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे विब्केला जास्तच लागलं.

"चूक आमच्या घरातली आहे. तुमचं भरून मिळेल," विब्के म्हणाली. कसं, ते अजून तिलाही ठाऊक नव्हतं. पण मिळणार, याची तिला खात्री होती.

फाल्क घरी आला, ऐकून मटकन खुर्चीत बसला. मग एकदम उजळला.

"तुझा तो विमा आहे ना? आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरते तो?"

"आहे."

"मग मशीन तू लावलंस म्हणून सांग. हप्ता भरतेसच की. तुझं काय जातंय?"

"मी खोटं बोलणार नाही, फाल्क."

"आली मोठी न्यायाधीश. लाइपझिगमधले निम्मे विद्यार्थी हेच करतात."

"करू देत. विमा माझ्या चुकांसाठी आहे, तुझ्या नाही. आणि तुझा स्वतःचा असताना माझा कशाला?"

"माझा कुठला?"

"तुझ्या वडिलांचा. लग्न न झालेला मुलगा नोकरीला लागण्याआधीचं शिक्षण घेत असेपर्यंत बहुतेक वेळा आईवडिलांच्याच विम्यात येतो, मग राहो कुठेही. मी माझा वेगळा काढला, कारण आमच्या घरी कोणाचाच नव्हता. तू फोन करून विचार."

वडिलांची डोंगरातली लाकूड-गिरणी नाकारून फाल्क नाटक शिकायला आला, तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. आईशी बोलायचा, तेही वडील गिरणीत असताना.

"दुसरं काहीही सांग. आयुष्यभर भांडी घासतो," तो म्हणाला.

"भांडी तशीही तुझ्याच पाळीची पडली आहेत."

तो दार आपटून खोलीत गेला. आपण फार ताणलं का, असं विब्केला क्षणभर वाटलं. मग तिने न्हाणीघराची फरशी पुसून काढली, आणि मनात पुन्हा तेच आलं: नाही, बरोबरच केलं.

सकाळी ती कॉफी गाळत असताना फाल्क फोन घेऊन स्वयंपाकघरात आला. "इथेच बस," एवढंच म्हणाला आणि नंबर लावला.

"बाबा, मी फाल्क. माझ्या हातून एकीचं नुकसान झालंय." त्याने सगळं सांगितलं. नळी, तालीम, छत, काही लपवलं नाही. मग पलीकडून वडिलांचा, म्हणजे उलिग यांचा, घोगरा आवाज विब्केलाही ऐकू आला.

"विमा आहे. कंपनीला कळवतो. पण तू राहतोस कुठे? पत्ता सांग."

फाल्कने पत्ता सांगितला.

कंपनीचा माणूस येऊन छत आणि वाद्यं बघून गेला. मशीन कोणी लावलं, हे त्याने विचारलं, आणि फाल्कने "मी" म्हणून सांगितलं. कंपनीने दुरुस्ती मान्य केली. गिऱ्हाइकाचा अकॉर्डियन पुन्हा वाजू लागला. दुसऱ्या वाद्याचा मात्र एक सूर कायमचा बसका राहिला, आणि तो तसाच ठेवायचा असं पेट्झोल्डबाईंनी ठरवलं.

पुढच्या रविवारी उलिग स्वतःच आले. आधी खालच्या मजल्यावर जाऊन त्यांनी बाईंची माफी मागितली, मग वर आले. विब्केने केक कापला. बापलेक समोरासमोर बसून गिरणीतल्या नव्या करवतीविषयी बोलत राहिले. नाटकाचा विषय दोघांनीही काढला नाही. निघताना मात्र उलिग दारात थांबले.

"तुझा प्रयोग कधी आहे?"

"जूनमध्ये."

"तुझ्या आईला यायचंय," ते म्हणाले. "गाडी मीच चालवणार, म्हणजे मलाही आत बसावं लागेल."

फाल्क हसला आणि त्यांना खालपर्यंत सोडायला गेला.