नळाची बिअर

कमळाकरच्या पत्राला मी उत्तर दिले नव्हते. ते दिवाळीच्या सुमारास आले आणि आता होळीही होऊन गेली होती. आम्ही फोर्टातल्या एकाच कचेरीत होतो, तो जावक विभागात, मी ग्रंथालयात. निवृत्तीनंतर तो उरणकडे करंजाला परत गेला, मी नवीन पनवेलला आलो. त्याला आता ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. बायको वारल्यावर त्याने लिहिले होते, ‘भामा गेल्यापासून घर खायला उठते. चार दिवस तुझ्याकडे येऊ का? पगाराच्या दिवशी नळाची बिअर प्यायचो, तशी पिऊ. मासळी मी आणतो.’

एवढेच विचारले होते. पण चार दिवस मी त्याच्याशी काय बोलणार? तेव्हाही बोलायचा तोच, मी मग धरून बसायचो. आता त्याला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. निदान बिअर चांगली असली तर बरे, असे वाटले. म्हणून ठरवले, आधी नळ, मग उत्तर.

जुना फ्रिज रिकामा केला आणि त्याच्या दाराला भोक पाडून बाहेर नळ बसवला. गावच्या हळदींना बिअर पुरवणाऱ्या हितेशकडून छोटा केग, म्हणजे बिअरचे पिंप, आणला, सोड्याच्या कारखान्यातून गॅसचा सिलिंडर. नळी, प्रेशरचे घड्याळ, सगळे एका पुस्तकात वाचून जोडले. नळ उघडला आणि ग्लासात नुसता फेस आला.

मी पुन्हा वाचत बसलो. नळी आखूड असली तर बिअर जोरात आदळते, म्हणून लांब नळी घेऊन तिचे वेटोळे फ्रिजमध्ये ठेवले. गॅस कमी केला. केग हलवल्यावर दिवसभर तसाच राहू दिला. ग्लास साबणाने न धुता नुसत्या पाण्याने विसळून पाहिला, तिरका धरून पाहिला. रोज संध्याकाळी एक ग्लास काढायचा, गॅलरीत बसून फेस खाली बसायची वाट पाहायची आणि उरेल ते प्यायचे. समोरच्या इमारतीत दिवे लागत, कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत. आजही जमले नाही, मग पत्र कसे लिहिणार? खरे सांगायचे तर फेस पाहून मला थोडे हायसेही वाटे.

एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मोनाली स्टीलचा पेला घेऊन दारात उभी राहिली.

“आजोबा, थोडी बिअर मिळेल? प्यायला नाही हं, केसांना लावायला. शाइन येते म्हणतात.”

“माझ्याकडे आहे हे कुणी सांगितलं?”

“सासूबाईंनी. त्या अख्ख्या बिल्डिंगला सांगतात, खालच्या म्हाताऱ्याकडं दारूचा नळ हाय.”

मला कुठे पाहावे कळेना. मी नुकताच माझा ग्लास काढला होता.

“अय्या, ही तर लस्सी झाली,” ती म्हणाली.

“अजून जमलेलं नाही मला,” मी म्हणालो आणि तिचा पेला नळाखाली धरला.

बिअर सरळ, थंड, स्वच्छ उतरली. वर जेमतेम बोटभर फेस. मी पाहतच राहिलो.

“आजोबा, माझ्यात फेस कमी आला. ही हलकी आहे का?”

“नाही. हीच चांगली आहे.”

“मग ही केसांना कशाला वाया घालवायची, तुम्ही घ्या. मला तुमची ती चालेल.”

“नको, नको. तूच ने.”

ती गेल्यावर मी लगेच आणखी एक काढला. तोही तसाच उतरला. नळ बाहेर, पनवेलच्या उन्हाळ्यात तापलेला. त्याच्यातून पहिला ग्लास निघताना फेसाळतो, पण त्याने नळ गार होतो आणि पुढचे ग्लास नीट येतात. पुस्तकात हे नव्हते. लिहिणाऱ्याच्या घरी कुणी एकच ग्लास काढून थांबत नसावे. मी इतके दिवस रोज तेवढाच काढत होतो.

आता सबब उरली नव्हती. दोन्ही ग्लास तसेच ठेवून मी लिहायला बसलो. पहिला कागद फाडला, त्यात नळीची लांबी आणि प्रेशरच आले होते. दुसऱ्यावर लिहिले:

‘प्रिय कमळाकर, उशीर झाला. ये. चार दिवस कशाला, वाटेल तेवढे राहा. मला अजूनही फारसे बोलता येत नाही, तू बोल. पहिला ग्लास फेसाळतो, तो मी घेईन.’

शेवटची ओळ पोरकट वाटली. खोडावी का, असा विचार करत सकाळी पोस्टापर्यंत चालत गेलो. पेटीपाशी उभे राहून पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचला. मागे एक बाई राखी पाठवायची असल्यासारखी घाईत उभी होती.

“काका, टाकताय ना?”

“हो, हो,” म्हणालो आणि पत्र टाकले.